झीलकऱ्यांना गप्प बसवलेलं भजन

पुणे, २ डिसेंबर

चि. चंपत,

ताईचे आशीर्वाद. माझा गुडघा बरा आहे. सुचिता वेळेवर जेवू घालते. लेकीकडे मला काही कमी नाही.

काल ती मला तुझ्या भजनाची फिल्म दाखवायला घेऊन गेली. शिसारी आली बघ. पांढरी भिंत, तू आणि एकतारी, बाकी काही नाही. साधेपणाबद्दल माझी तक्रार नाही. आपल्या ओसरीवर तरी दुसरं काय असतं? पण तिथे तू ओळ टाकलीस की दिनेश आणि बादल ती उचलून झील धरतात. दिग्दर्शकाने नेमकं त्यांनाच गप्प बसवलं होतं. तू सवयीने थांबलास, डावीकडे पाहिलंस, पुन्हा पाहिलंस. कोणी ओळ उचलेना. तुझा चेहरा उतरला, आणि माझ्या शेजारची बाई म्हणाली, "किती बोलकी शांतता!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात मांडीवर ठेवले.

तुझी पंचफुला फोनवर सांगत होती, "आक्का, ते दोघं आता येऊनच नाही राह्यले. म्हणतात, त्याले एकट्यालेच गाऊ द्या." खरं आहे का? तिचा खोकला थांबला का?

आजच दोघांच्या घरी जा. निरोप धाडू नकोस, स्वतः माफी माग. तू तेव्हा तोंड उघडायला हवं होतंस.

दिग्दर्शक पौषात पुन्हा येणार म्हणे. आला की कॅमेरा बाहेर ठेवायला लाव आणि त्याला झीलकऱ्यांत बसव. एक ओळ उचलता आली, तर पुढचं बोलू.

तुझी,
सुशीलाताई