तळाचा नवा स्क्रू

३ मार्च, सकाळ
लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर मी स्वहस्ते लावलेली चिकटपट्टी नाहीशी. एवढ्यावरून महायुद्ध करू नये हे मान्य, पण ती बातमीदाराच्या गुप्ततेची शेवटची तटबंदी होती. चौकशीअंती टीव्हीच्या रिमोटच्या झाकणावर सापडली. बायको म्हणाली, तुमचं तोंड बघायला कोण बसलंय? रिमोट जागेवर ठेवला. संयम.

दुपार
आजपासून नवी, सुरक्षित ऑपरेटिंग सिस्टीम. पेनड्राइव्हवरून चालते, बंद केली की सगळं विसरते. कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी नदीत सोडल्या जाणाऱ्या सांडपाण्याचे खरे आकडे मला सांगितलेत. त्यांची एकच अट: नाव फुटता कामा नये. म्हटलं, बाई, निर्धास्त राहा. लॅपटॉप अभेद्य आहे. इति सिद्धम्.

६ मार्च
कारखान्याच्या मॅनेजरची मुलाखत. गेटवर लॅपटॉप ठेवून घेतला. नियम आहे म्हणे. ठेवा बापडे! पेनड्राइव्ह माझ्या खिशात, लॅपटॉपात शून्य. मुलाखतभर मनातल्या मनात हसत होतो. परत देताना स्क्रीन पुसून दिला. शिवाय तळाचा एक स्क्रू कधीचा पडला होता, तिथे नवा, चकचकीत! न मागता! जगात चांगुलपणा शिल्लक आहे. रक्षकाचे आभार मानले.

८ मार्च
संपादक म्हणाले, तुला हे कोण सांगतंय ते मला तरी कळू दे. तोंडीच सांगणार होतो, पण केबिनबाहेर शिपाई घुटमळत होता. म्हणून बाईंचं नाव आणि हुद्दा लॅपटॉपवर टाइप केला, त्यांना दाखवला, मशीन बंद. सिस्टीम विसरली. सावधपणा अंगात असावा लागतो.

११ मार्च
कारखान्याच्या जनसंपर्क अधिकाऱ्याचा फोन. तुमच्या तिसऱ्या परिच्छेदातला आकडा तपासून घ्या म्हणाला. बातमी अजून छापलेली नाही. कसलेला माणूस, अंदाज बांधला असेल. तरी खिडकी लावली. उकडलं. उघडली. सिस्टीम नव्या पेनड्राइव्हवर पुन्हा घातली. पासवर्ड म्हणून भला लांबलचक संस्कृत समास योजला. संध्याकाळी मलाच तो आठवेना.

१२ मार्च
मेहुणी आली. कॉम्प्युटरच्या चिप तपासणं हे तिचं पोटापाण्याचं काम. नव्या सिस्टीमची महती सांगितली. शांतपणे ऐकून म्हणाली, "भावजी, तुम्ही भाडेकरू बदलताय. घरमालक तोच आहे." बटण दाबल्यावर सिस्टीमच्या आधी फर्मवेअर, म्हणजे मशीनचा मूळ प्रोग्राम, जागं होतं म्हणे, ते मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असतं. त्यातच कोणी घुसलं, तर वर कितीही सोवळी सिस्टीम बसवा, तिच्या नकळत सगळं वाचता येतं. पेनड्राइव्ह बदलून ते जात नाही. मी म्हटलं, त्यासाठी लॅपटॉप उघडावा लागेल ना? माझा कोण उघडणार? बायको आतून म्हणाली, "तुझ्या भावजींना समजाव गं." मेहुणी म्हणाली, "ताई, नवरा तुझा, तूच समजाव."

रात्रीपर्यंत तीनदा लॅपटॉप पालथा करून पाहिला. स्क्रू छान बसलाय.

१४ मार्च
मेहुणीने तळ उघडला. चिपमधलं फर्मवेअर लॅपटॉपच्या कंपनीच्या मूळ प्रतीशी ताडून पाहिलं. जुळेना. कोणीतरी त्यात भर घातली आहे. स्क्रू कधी बदललात, तिने विचारलं. मी गेटवरच्या चांगुलपणाची गोष्ट सांगायला लागलो आणि मधेच थांबलो. तिने चेष्टा केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

बाईंना फोन केला. बंद.

१५ मार्च
फोन बंदच. प्रयोगशाळेत फोन करून, माझं नाव न सांगता, बाईंची चौकशी केली. त्या परवापासून येत नाहीत म्हणाले. का, ते माहीत नाही म्हणाले. मग उलट मलाच विचारलं, आपण कोण?

बायकोने कॅमेऱ्यावर नवी पट्टी लावून ठेवली आहे.

सिस्टीम सगळं विसरली, तिचा दोष नाही. नाव मी टाइप केलं होतं. बातमीचं काही का होईना. बाई कुठे आहेत ते मला कळत नाही, आणि मला भीती वाटते.