सात नंबरचा पाचवा फाऊल

प्रिय मामा,

आधी फक्त जे घडलं ते.

१. चौथा क्वार्टर, अठ्ठावीस सेकंद बाकी, गुण बरोबरीत.
२. सात नंबरची मुलगी उजवीकडून बास्केटकडे शिरली. पंच म्हणून ती बाजू माझी होती. मी बास्केटखाली, तुम्ही तिच्या मागे, मधल्या रेषेजवळ.
३. तिचे दोन्ही पाय जमिनीवरून सुटले. त्यानंतर अडवणारीने डावा पाय सरकवला. धडक झाली.
४. शिट्टी दोघांनी मारली. मी मूठ वर केली. तुम्ही थेट चार्ज दाखवला.
५. सात नंबरचा तो पाचवा फाऊल, म्हणून ती बाहेर. जाताना तुम्हाला म्हणाली, "सर, तुम्ही बघतच नव्हता." अंतर चार पावलं. ती जवळ आली नाही.

तुमच्या अहवालात हीच मुलगी "पंचांच्या अंगावर धावून आली". त्या चार शब्दांवर तिला वर्षभराची बंदी लागणार आहे, आणि तिची निवड चाचणी पुढच्या महिन्यात आहे.

मी नववीत असताना तुम्ही आमच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर दोन वाट्या सरकवून मला हे शिकवलं होतं. वाटी आधीच जागेवर असेल तर धडकणारीचा दोष, तो चार्ज. दुसरी हवेत गेल्यावर आडवी आली तर अडवणारीचा, तो ब्लॉक. "चेंडू बघायला लोक तिकीट काढून येतात, तू अडवणारीचे पाय बघ," असं म्हणायचात. शिट्टी दोघांची झाली तर मूठ वर ठेवून थांबायचं, ज्याची बाजू त्याचा निर्णय, हेही तुमचंच. आई ओरडली होती, की वाट्या घासून कोण ठेवणार, तुझा मामा?

चुकणं मला समजतं. मी दिवसभर प्रयोगशाळेत वजनकाटे तपासते. प्रत्येक काटा थोडा चुकतोच. किती चुकतो ते लिहून ठेवलं की काम भागतं. तुम्हाला तिथून फक्त सात नंबरची पाठ दिसत होती. पाठीवरून अडवणारीचे पाय ओळखणारा माणूस अजून जन्माला यायचाय. पण त्या बाजूचे प्रेक्षक चार्ज, चार्ज ओरडत होते आणि तुम्ही त्यांचं ऐकलंत. नंतर कपडे बदलायच्या खोलीत आरशासमोर भांग पाडत मला म्हणालात, "अगं, ठासून दाखवलं की खपतं." खपतो तो माल, मामा. तीस वर्षं शिट्टी फुंकून एवढंच हाती लागलं असेल, तर त्या वाट्या तुम्ही माझ्यासमोर उगाच सरकवल्यात.

त्यावरही मी गप्प बसले असते. पण एका मुलीने खरं सांगितलं, ते झोंबलं, म्हणून अहवालात तिला धावायला लावलंत. चोर तो चोर, वर शिरजोर. काल मामीचा फोन आला, तुमचं बीपी वाढलंय म्हणे. गोळी घ्या. आई म्हणते, "मामाच आहे ना, एक सही केलीस तर तुझं काय झिजतं?" तिच्याच हाती तुम्ही अहवालाचा फॉर्म पाठवलात, "सहपंच सहमत" या रकान्यापुढे पेन्सिलीने फुली मारून. स्वतः यायला अर्धाच तास लागतो.

आता माझं. तुमचा इशारा पाहिल्यावर मी मूठ खाली घेतली. बाजू माझी होती, पाय मी पाहिले होते, नियम पाठ होता. दुसरा कुणी पंच असता तर मी त्याला बाजूला घेऊन थांबवलं असतं. तुम्ही होतात, म्हणून नाही थांबवलं. सात नंबरने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मी घड्याळाकडे बघत होते.

तिच्या बंदीवर समितीची सुनावणी सोमवारी आहे. फॉर्म सही न करता सोबत परत पाठवते आहे. माझा अहवाल लिहून तयार आहे. तो ब्लॉक होता, सात नंबरची मुलगी तुमच्या जवळही आली नाही आणि मी मूठ खाली घेतली, हे तिन्ही त्यात आहे. तो शनिवारी सकाळी जाईल. त्याआधी तुमचा दुरुस्त अहवाल तुमच्या हाताने गेलेला मला हवा आहे. तुमच्यासाठी मी एवढंच करू शकते. दुरुस्ती करणार की नाही, ते शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कळवा. आईमार्फत नको, मला कळवा.

तुमचीच,
भाची