पाण्यात ठेवलेला बाळकृष्ण

बुधवार, ३ जानेवारी १९९६

सासूबाईंनी देव पाण्यात घातला! देव्हाऱ्यातला रांगता बाळकृष्ण उचलला आणि माझ्या खाटेशेजारच्या घंगाळात बुडवला. "सुनंची नीट सुटका कर, मगच भायेर काढीन!" देवालाच दम!

सातवा महिना लागलाय. आधीची दोन्ही तिसऱ्यातच गेली. डॉक्टरीणबाईंनी उठायचं नाही म्हणून बजावलंय. हे नुसते खाटेभोवती घुटमळतात.

शुक्रवार, ५ जानेवारी

काय ही थंडी! माझ्या अंगावर दोन गोधड्या, आणि हा बिचारा उघडा, पाण्यात. पितळेचा आहे, कळतं मला. बारावी पास आहे मी! तरी बघवत नाही. बोटभर तर जीव.

सोमवार, ८ जानेवारी

केलं एकदाचं! सासूबाई शेवंती तोडायला मळ्यात गेल्या, तसा हात घालून त्याला बाहेर काढला. पुसला, गोधडीत घेतला. तासभर दोघं खिडकीतल्या उन्हात पडून होतो. गालात हसत होता लबाड. फाटक वाजलं तशी परत डुबकी.

गुरुवार, ११ जानेवारी

रोजचंच झालंय आता. दुपार झाली की तोच वाट बघत असतो असं वाटतं.

मंगळवार, १६ जानेवारी (दवाखाना)

काल संक्रांतीला मुलगा झाला. अडीच महिने आधीच. सव्वा किलो. काचेच्या पेटीत ठेवलाय, लांबूनच दाखवला. केवढीशी बोटं!

सासूबाईंना सगळं सांगून टाकलं. मी देवाला बाहेर काढत होते, तुमचा नवस मी मोडला, म्हणूनच हे झालं. त्या तशाच उठून घरी गेल्या. रागावल्या असणार. रागावू देत, पण देवा, तू नको रे रागावू. माझ्यावरचा राग बाळावर काढू नकोस.

शनिवार, २० जानेवारी

परवा बाळ गेलं.

आज मला घरी आणलं. घरात सुतक, देवाला कुणी शिवायचं नाही. आणि सासूबाई उंबऱ्यात बसलेल्या, बाळकृष्ण मांडीवर! पदरानं पुसत होत्या. "उगी रं, उगी. तुह्या हातात असतं तर दिलंच असतं ना तू."

मला बघून सरकल्या. "ये बाई, बस. सकाळपासून रडतोय ह्यो. घे जरा जवळ."

घेतला.