आईचा शेवटचा तास

प्रताप नगर, नागपूर
१८ मार्च १९७६

प्रिय सुमती,

प्रभूच्या नावाने सलाम. तुझं पत्र परवा मिळालं. रविवारी आईच्या पहिल्या स्मरणदिनाच्या उपासनेला तू कन्हानहून सकाळच्या बसने येतेस, सोबत तुझ्या मंडळीतल्या चार बायकांना आणतेस, हे वाचून आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पत्र रोजनिशीत ठेवलं आणि दोन दिवस रोजनिशी उघडलीच नाही. तू शाळेत असताना ती चोरून वाचायचीस आणि म्हणायचीस, ताई, तू तर स्वतःचीच उलटतपासणी घेतेस. आता तीही घेववत नाही.

पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला सांगितलं आहे, आईच्या शेवटच्या तासाची. सदर भागातल्या आपल्या चर्चमध्ये ती गोष्ट सगळ्यांना पाठ झाली आहे: बायजाबाई गीत म्हणत म्हणत प्रभूकडे गेल्या. पाळकसाहेब म्हणतात, बाई, आजवर आम्ही ऐकून सांगत आलो, आता पाहिलेल्या माणसाच्या तोंडून येऊ द्या. तान्ह्या लेकीला मातीत ठेवल्यावर सहा वर्षं तू चर्चची पायरी चढली नव्हतीस. त्या एका गोष्टीने तू परत आलीस. ते मी विसरलेले नाही.

गेल्या आठवड्यात इंदूबाईकडे गेले होते. आपल्या भगिनी मंडळातली, पेटी वाजवायची ती. पोटाचा कॅन्सर आहे, डॉक्टरांनी घरी पाठवलं. आधी नेहमीसारखी थट्टा केली, या बाई, पेपर तपासाले आल्या का माह्ये? मग तिच्या जाऊबाई चहा ठेवायला आत गेल्यावर तिने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, तुमची माय गीत म्हणत गेली म्हणते. मंग मले काहून एवढं भेव वाटून राह्यलं? माहा विश्वास कमी पडला काय वं बाई? सुमती, मी चहा प्यायले, कप विसळून ठेवला आणि घरी आले.

शाळेतल्या मुलींना मी शुभवर्तमान शिकवते. क्रुसाच्या आदल्या रात्री प्रभूलाही त्या बागेत भय वाटलं होतं, त्याने सोबत्यांना जवळ जागत बसायला विनवलं होतं आणि ते झोपून गेले, हे मी दरवर्षी फळ्यापाशी उभी राहून सांगते. इंदूबाईच्या खाटेपाशी त्यातला एक शब्द आठवला नाही. घरी येऊन प्रार्थनेला गुडघे टेकले. नुसती बसून राहिले, पाय बधिर होईपर्यंत. बळ मागावं, तर ते कशासाठी हवंय हे देवापुढेही उच्चारायचं धाडस होईना.

आणि ही काही पहिली वेळ नव्हे. मागच्या वर्षीची ती दुपार आठव. तुला तार गेली होती, तू वाटेत होतीस. आपल्यात माणूस जायला लागलं की उशाशी बसून वाचायचं, गीत धरायचं. आईने तर ते चाळीस वर्षं घरोघरी जाऊन केलं. त्या दिवशी पुस्तक माझ्या मांडीवर उघडं होतं. आईने डोळे उघडले आणि म्हणाली, चारू, मले भेव लागून राह्यलं वं. तो वळखीन का मले? लहान पोरीसारखे तिचे डोळे झाले होते.  माझ्या तोंडून ना गीत आलं, ना प्रार्थना, नुसतं हो, ओळखेल, एवढंही नाही. शेजारच्या भीमाबाई ताक घेऊन आल्या होत्या. त्या बौद्ध, आपली गीतं त्यांना कुठून येणार? त्यांनी तांब्या खाली ठेवला, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, भेऊ नका वं माय, मी हावो न अठी. आईचं भय गेलं की नाही, मला माहीत नाही. तिने तो हात शेवटपर्यंत सोडला नाही, एवढंच मी पाहिलं. त्या दिवशीच्या पानावर मी फक्त लिहिलं आहे, आई गेली, साडेतीन.

संध्याकाळी तू दारात उभी राहून विचारलंस, शेवटी काय म्हणाली? तुझा चेहरा पाहून मी म्हटलं, गीत म्हणत गेली. तुझ्यासाठी खोटं बोलले असं मानत होते. आज वाटतं, मी गप्प राहिले होते ते झाकायला बोलले.

उद्या शाळा सुटल्यावर इंदूबाईकडे जाणार आहे. तिला सांगायचं आहे, माझी आई भीत भीत गेली, आणि तिच्याइतका विश्वास मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही. रविवारी हेच सगळ्यांपुढे सांगायचं आहे. त्याआधी तुला माझ्याकडून कळावं म्हणून हे लिहिलं. यामुळे तू पुन्हा पायरी उतरलीस तर तो दोष माझा, आईचा नव्हे, प्रभूचाही नव्हे. इंदूबाईच्या दारात पाय टाकल्यावर तोंडातून शब्द निघेल का, मला खरंच ठाऊक नाही. नाही निघाला, तर निदान तिचा हात धरून बसेन. तेवढं मी भीमाबाईंकडून शिकले आहे. तू रविवारी आलीस तर पुढच्या बाकावर, मला दिसेल अशी बस. क्षमा नाही केलीस तरी बस.

तुझीच,
चारुताई