कुलूप लावलेली डिरेक्टरी

३ ऑक्टोबर १९८८, सोमवार
सातपूरच्या कारखान्यात आज रुजू झालो. लहानपणी सीबीएस स्टँडजवळच्या टपरीवर कपबशा विसळणारा जयराम आता एसीच्या खोलीत बसणार! कॉम्प्युटर एकच, वापरणारे चौघे. धूळ नको म्हणून चपला बाहेरच्या फळीवर काढायच्या, देवळात शिरल्यासारखं. फळीच्या कोपऱ्यात एक जुना कोल्हापुरी जोड आहे. माझ्या जागी आधी होता त्या वेणीमाधवचा. त्याच खुर्चीत बसल्या बसल्या गेला म्हणे. जोड टाकून द्यायला कोणी धजत नाही. अकाउंट्सचे चिंतामणराव म्हणाले, "राहू द्या हो, जागेचं भाडं थोडंच मागतोय तो!" माणूस गमत्या आहे. आमचं जमणार.

२० ऑक्टोबर
आमच्या इंदिराचं लग्न जमलं! मुलगा नांदगावचा, चिंतामणरावांचा सख्खा भाचा. साखरपुडा तुळशीच्या लग्नानंतर. पण एक घोर आहेच. बायकोला, मालिनीला, फिट्स येतात, हे त्या मंडळींना सांगितलेलं नाही. सांगितलं तर आई अशी म्हणून लेकही तशीच निघेल, म्हणून मोडतील. मुंबईच्या डॉक्टरांना दर फिटची हकिकत कळवावी लागते. घरी पाहुण्यारावळ्यांचा राबता, म्हणून ती इथे टाइप करतो. इथे तर प्रत्येकाची डिरेक्टरी, म्हणजे यंत्रातला आपला कप्पा, सगळ्यांना उघडी! इंजिनिअरला चहा-भजी चारून माझ्या डिरेक्टरीला पासवर्ड टाकून घेतला. चिंतामणराव डोळा मारून म्हणाले, "काय जयरामभाऊ, दुसरी बायको ठेवलीत का आत?" मीही हसलो.

२४ ऑक्टोबर, सोमवार
जेवणाच्या सुट्टीत आत कोणीतरी टाइप करत होतं. काचेतून पाहिलं, तर खुर्ची रिकामी. तो कोल्हापुरी जोड मात्र फळीवरून खाली आलेला, दाराशी नीट काढून ठेवलेला. आत जाऊन डिरेक्टरी उघडली. हकिकतीखाली मी न लिहिलेली ओळ: मालिनी. मंगळवार. शेगडीजवळ.
चिंतामणरावांचीच चेष्टा असणार. पासवर्ड बदलला.

२५ ऑक्टोबर
शेगडीजवळच पडली. मनगट भाजलं.

४ नोव्हेंबर
पुन्हा जोड दाराशी. पुन्हा ओळ. पुन्हा तसंच घडलं, न्हाणीघरात. पासवर्ड बदलून उपयोग नाही.
चिंतामणरावांना आडून विचारलं. त्यांची थट्टा एकदम थांबली. त्यांनीही एकदा कुलूप लावलं होतं म्हणाले. वडिलांच्या आजाराची कागदपत्रं होती आत. वडील कोणत्या दिवशी जाणार, ते आदल्या दिवशीच आत लिहिलेलं मिळालं. तेव्हापासून सगळ्यांनी सगळं उघडं ठेवलंय. उघड्यात वेणीमाधव काही लिहीत नाही. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "जे असेल ते काढा बाहेर. आम्ही काय परके आहोत?"
परके नाहीत, हीच तर पंचाईत आहे.

५ नोव्हेंबर
मजकूर पुसला. दुपारी पाहिलं तर सगळा जिथल्या तिथे. कुलूप काढायचं मात्र धाडस झालं नाही.

१६ नोव्हेंबर
मालिनी जिन्यावरून पडली. कपाळाला टाके. शेजाऱ्यांना पाय घसरला म्हणून सांगितलं. ती माझ्याकडे नुसती बघत होती. तिला काय सांगू? कुलूप काढलं तर सोमवारपर्यंत नांदगावला कळेल. लेकीचं लग्न की—
थोडेच दिवस राहिलेत. साखरपुडा होऊ दे. मग काढतोच.

२६ नोव्हेंबर, शनिवार
उद्या साखरपुडा.
जोड दाराशी. मी बाहेर उभा. उमेदीची सगळी वर्षं टाइपरायटरवर गेली, नुसत्या आवाजावरून अक्षर कळतं मला. मालिनीचा एम नव्हता.
आय. एन. डी. आय—
आत धावलो. पडद्यावर ओळ पुरी झाली होती: इंदिरा. रविवार. सगळ्यांसमोर.
तिला कधीच काही नव्हतं. कधीच नाही.
पासवर्ड टाकला. कुलूप काढायचं एकच बटण, बोट त्याच्यावर. चिंतामणराव मागून येऊन म्हणाले, "चला व्याही, पेढे सांगायचेत ना?" पहिल्यांदाच व्याही म्हणाले.
बोट उचललं.
सोमवारी काढतो. एका दिवसाने काय—

२७ नोव्हेंबर
आतल्या खोलीत बसून लिहितोय. बाहेर इंदिरा पाटावर. ओटी भरताहेत. बायका हसताहेत. उगाच भ्यालो. काही झालं ना—
बाहेर एकदम शांत.
बांगड्या. फरशीवर. एका लयीत. फिट आली की मालिनीच्या अशाच वाजतात.
पण मालिनी इथे आहे, माझ्याजवळ, तिने माझा हात धरला—