बियरच्या इमारतीपुढचा फोटो

४ फेब्रुवारी, टोकियो
लेकाने, अमोलने, सुट्टी काढली. नदीकाठच्या बुद्धमंदिरात गेलो. पंचशील मनातच म्हटलं. पाचव्या शीलापाशी, मद्याच्या, जरा थांबले. गाव आठवलं.
बाहेर आलो तर पलीकडच्या काठावर अख्खी इमारत सोनेरी काचेची, माथा पांढरा. शेजारच्या काळ्या इमारतीवर सोन्याचं काहीतरी आडवं पडलेलं. अ. म्हणे ज्योत आहे. "मुळा आहे रे तो!" पोट धरून हसलो. तेवढ्यात त्याने फोटो काढला. मग सांगितलं, बियर कंपनीची इमारत. भरलेला ग्लास, वर फेस.
"आधी का नाही सांगितलंस?"
"मग हसली असतीस का?"
लबाड. शाळेत असतानाही असाच होता.

६ फेब्रु.
संताप, संताप. अ.ने तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तिथून थेट गावात. सिंधूचा फोन. माझ्याच हाताखाली शिकलेली पोर, आज गावची दारूबंदीची चळवळ तिच्या जिवावर.
"बाई, दारूच्या दुकानदारानं समद्यांच्या मोबाईलवर धाडला. म्हणून राहिला, आडवी बाटली मागणारी बाई तिकडं ग्लासापुढं हासून राहिली."
बायांचं मतदान १५ तारखेला. उभ्या बाटलीवर शिक्का म्हणजे दुकान राहणार, आडवीवर म्हणजे बंद. गावातल्या एकूण मतदार बायांपैकी निम्म्याहून जास्त आडवीला हव्यात. जी घरी बसेल ती दुकानदाराच्याच पदरात.
अ. म्हणतो, "आई, डिलीट केला ना." डिलीट!

७ फेब्रु.
लहानपणी कॉन्व्हेंटात सिस्टर म्हणायच्या, राग आला की आधी पाणी पी. तांब्याभर प्याले. राग तसाच.
गावचे पुरुष रोज त्या दुकानात बसतात, शाळेच्या वाटेवर, पोरींच्या देखत. त्यांचा फोटो कुणी काढला आजवर?

११ फेब्रु., हिंगोली
पोचले. स्टँडवर दुकानदाराचा मेहुणा. "काय मॅडम, आमच्यासाठी आणली का एखादी?"
"तुझ्या आईला विचारून सांगते," म्हटलं. मग गावची बस येईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

१३ फेब्रु.
समाजमंदिरात बाया जमल्या. नेहमीपेक्षा कमी. शेवंताबाई पुढेच बसलेली. दोन्ही पोरगे दारूत गेले तिचे. मतदानाच्या अर्जावर पहिला अंगठा तिचाच. वस्तीतल्या बाया तिच्या मागे चालतात.
"बाई, तिथं पिली का न्हाई, तेवढं सांगा."
"नाही."
"मंग हासून काहून राहिल्या?"
सिंधू डोळ्यांनी खुणावत होती, सांगा फोटो खोटा आहे म्हणून. नाही जमलं. म्हटलं, "इमारत देखणी होती. कशाची ते मला माहीत नव्हतं. लेक जवळ होता, हसले."
शेवंताबाई उठली. "आमच्या घरात दारू देखणी न्हाई दिसत, बाई." निघून गेली. पाठोपाठ आणखी काही जणी.
सिंधू चिडली. "खरं बोलायला हाच दिवस गावला व्हय तुमाला?"
तिच्यावरही ओरडले. मग घरी येऊन रडले. आपल्या लेकरासोबत हसायचीसुद्धा चोरी!

१५ फेब्रु., दुपार
माझं मत टाकून झालं. शाळेतच केंद्र, माझाच जुना वर्ग. रांग बरी आहे, पण वस्तीतली एकही बाई नाही. दुकानदाराची माणसं पिंपळाखाली खुर्च्या टाकून मोजत बसलीत, दात काढत.
शेवंताबाईच्या दारी आले. आतून कडी. कडी वाजवली.
"तुमी जा फुडं, बाई."
"तू येणार का?"
आत भांडी आपटल्याचा आवाज. आपटू दे. तिला राग आहे, मलाही आहे. माझ्यावर काढ म्हटलं, पण घरात बसून नको. तरी कडी निघाली नाही.
शेजारच्या दोघी उंबऱ्यात उभ्या, डोक्यावर पदर घेऊन, तयार. बघतायत तिच्याच दाराकडे.
मी ओट्यावर बसून राहिले आहे. केंद्र अजून उघडं आहे.