धोंडोपंत, पार्किंग आणि मी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. निवृत्त माणसाने रोज चार ओळी लिहाव्यात, मन स्वच्छ राहतं. माझं तसं स्वच्छच आहे. तरी.

कालच्या सोसायटी मीटिंगचं लिहून ठेवतो. आमच्या बिल्डिंगच्या मागे एक खडक आहे. इथे हैदराबादला, कुकटपल्लीत, सगळीकडे बिल्डिंगा उठल्या, हा एकटा तसाच राहिला. उंची पहिल्या मजल्यापर्यंत, वरून सपाट. सुलभा त्याला धोंडोपंत म्हणते. गच्चीवर टाक्या आणि सोलर, पाय ठेवायला जागा नाही, म्हणून तिचं सगळं उन्हाळी वाळवण धोंडोपंतांच्या डोक्यावर. संध्याकाळचा चहाही तिथेच. म्हणते, दगड दिवसभर तापलेला असतो, पाठ शेकून निघते.

तर ठराव असा, की खडक फोडून तिथे शेडची पार्किंग करायची. मीटिंगला आम्ही सगळे पुरुषच, सेक्रेटरी अप्पाराव यांनी प्रत्येक घरातून एक सही घेतली. आमच्या घरातून मी केली. भावनेच्या भरात नाही, पूर्ण विचार करून केली. आमची गाडी वर्षानुवर्षं उन्हात उभी असते, एप्रिलमध्ये स्टिअरिंगला हात लावला तर फोड येतो. आणि अप्पारावांनी पहिल्या नंबरची जागा मला देऊ केली आहे. एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणणार? आग्रहाने दोनदा कॉफी पाजली.

सुलभाला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळ पाहून सांगेन.

४ फेब्रुवारी, मंगळवार

योग्य वेळ आली नाही. मटार सोलत होती.

५ फेब्रुवारी, बुधवार

अप्पाराव लिफ्टपाशी भेटले. त्यांना सुलभाची धास्ती आहे. मागच्या चैत्रात त्यांनी मशीन आणवलं होतं, तर हिने खडकावर जुनी साडी अंथरून कुरडया घातलेल्या. मशीनवाल्याला म्हणाली, चीक ओला आहे, वाळेपर्यंत कोणी हात लावायचा नाही. त्यानेही मुकाट्याने मशीन वळवलं. त्याच्या घरीही आई सांडगे घालत असणार, दुसरं काय. दुसऱ्या दिवशी खालच्या सगळ्या तेलुगू बायकांनी आपापल्या मिरच्या आणून पसरल्या. विषय बारगळला.

म्हणून यंदा होळीच्या आतच उरकायचं, कुरडयांचा मोसम सुरू व्हायच्या आधी. शनिवार, २२ तारीख. अप्पाराव म्हणाले, “साब, अम्मा रही तो मशीन फिर वापस जाती. उस दिन उनको कहीं घुमाने ले जाव.”

मी म्हटलं, बघू. म्हणजे मी हो म्हटलेलं नाही.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

एक फार सुंदर कल्पना सुचली. सुलभाने दिवाळीत मला फोनवर एक जाहिरात दाखवली होती. हैदराबादच्या आसपासचे प्राचीन खडक, दगडात कोरलेल्या वाटा, दिवसभराची खास सहल, फक्त आपली गाडी आणि आपली गाइड. तेव्हा मी म्हटलं होतं, दगड बघायला कोण जातं. आज बुक केली. तारीख २२.

याचा त्या गोष्टीशी काही संबंध नाही. लग्नाला इतकी वर्षं झाली, मी तिला लग्नमुंजी आणि बँकेच्या अधिवेशनांशिवाय कुठे नेलं नाही. ही खंत मला केव्हापासून होती. तारीख जुळून आली, एवढंच. आणि एक दगड जाणार असेल तर मी तिला शंभर दाखवतो आहे. कोणी म्हणेल का की मी वाईट नवरा आहे?

८ फेब्रुवारी, शनिवार

सांगितलं. सहलीचं. आधी माझ्याकडे बघतच राहिली. मग आत जाऊन माळ्यावरून बूट काढले. मग पुण्याला अश्विनीला फोन. बाहेर ऐकू येत होतं, “अगं, बाबांनी स्वतःहून. मी एक शब्द बोलले नव्हते.” मुलीला खरं वाटेना. तीनदा विचारलं म्हणे, बाबांची तब्येत बरी आहे ना.

जेवणावर वासना नव्हती. सुलभाने खास सर्वपिंडी, म्हणजे इकडचं तांदळाचं थालीपीठ, केली होती. तिचं मन मोडू नये म्हणून तीन खाल्ल्या.

१२ फेब्रुवारी, बुधवार

संकल्प: सहलीच्या आधी सगळं स्पष्ट सांगायचं. नवराबायकोत लपवाछपवी नको. उद्या.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

उद्या. आज तिने सहलीसाठी टोपी आणली. माझ्यासाठीही.

१६ फेब्रुवारी, रविवार

ठरवलं, मुळावरच घाव घालायचा. सरळ अप्पारावांकडे गेलो. सांगणार होतो, माझी सही काढून टाका, खडक राहू द्या, मला पार्किंग नको. त्यांच्या मिसेसनी गरम पेसरट्टू, हिरव्या मुगाचा डोसा, वाढला. खाताना कडवट विषय काढणं बरं दिसत नाही. बोलता बोलता अप्पारावांनी नकाशा दाखवला. पहिल्या नंबरच्या जागेशेजारी खांब येतो आहे, दार उघडायला अडचण होईल. मी खांब दीड फूट सरकवायला सांगितला.

परत येताना जिन्यात जाणवलं, की मूळ मुद्दा राहिला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

सुलभाने पुऱ्या, बटाट्याची भाजी, तिळाची चटणी बांधली. गाइडसाठीही डबा. संध्याकाळी चहा घेऊन धोंडोपंतांकडे गेली, मलाही चल म्हणाली. मी पाय दुखतो म्हटलं. खिडकीतून दिसत होती. खडकाला टेकून बसली होती, एकटीच हसत होती.

उद्या गाडीत बसल्याबरोबर सांगतो. नक्की.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी ६.३०. गाडी आली. गाइड पद्मावती, चाळिशीची, भूगोलाची प्राध्यापक, सुट्टीच्या दिवशी हे काम हौसेने करते. बोलायला मोकळी, दख्खनी हिंदी. तिच्यासमोर घरगुती विषय कसा काढणार? गेटमधून बाहेर पडताना मशीन आत शिरत होतं. मी सुलभाला पलीकडच्या बाजूला कबूतर दाखवलं.

८.००. खाजागुडा. एकावर एक रचून ठेवल्यासारखे प्रचंड दगड. पद्मावती म्हणाली, हा ग्रॅनाइट अडीचशे कोटी वर्षांचा, वाऱ्यापाण्याने कोरून कोरून असा झाला. मला ते कोटीचं काही झेपलं नाही. सुलभाने बूट काढले आणि अनवाणी एका दगडावर जाऊन बसली. तळवा ठेवून म्हणाली, “गार आहे. दुपारी तापेल.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, आपले धोंडोपंत यांचेच भाऊबंद हो. मी वाकून बुटाची नाडी बांधली. तशी सुटलेली नव्हती.

९.४५. मौला अलीचा डोंगर. दोघी पायऱ्या चढून गेल्या. मी खाली थांबलो, विचार करायला एकांत हवा होता. अप्पारावांना फोन करून थांबवावं असं जोरात वाटलं. फोन काढला. रेंज कमी वाटली. तशी चारही काड्या दिसत होत्या, पण त्यांचा भरवसा नाही. म्हटलं, आधी चहा घेऊ.

११.३०. भोंगीरच्या वाटेवर. सुलभा पद्मावतीला मराठीत आणि पद्मावती सुलभाला तेलुगूत काहीतरी सांगते आहे आणि दोघींना सगळं कळतं आहे. मला कोणी काही विचारत नाही, हे बरं आहे.

१२.४५. भोंगीर. अख्खा डोंगर म्हणजे एकच दगड, पायऱ्या त्यातच कापलेल्या. निम्म्यावर सावली बघून पुऱ्या खाल्ल्या. सुलभा म्हणाली, लग्नानंतरचा सगळ्यात चांगला दिवस. असं सरळ तोंडावर. मग म्हणाली, मला वाटायचं तुम्हाला माझ्या या वेडाची लाज वाटते. मी हातातली पुरी परत डब्यात ठेवली.

लगेच उठून, लांब जाऊन, अप्पारावांना फोन केला. लागला. म्हटलं, थांबवा. ते म्हणाले, “अब क्या थांबना साब, किनारा बचा है बस. आधा पत्थर किसकू होना? आप अम्माकू शामतक मत लाव, मट्टी उड़ रही.”

निदान मी फोन तरी केला. हे नोंदवून ठेवतो.

१.३०. संकट. सुलभाने पद्मावतीला घरी बोलावलं, धोंडोपंत बघायला. पद्मावती एका पायावर तयार. काहीही करून इथे अंधार पडेपर्यंत वेळ काढायचा. एकदम गुडघा धरून खाली बसलो. म्हटलं, कळ आली, हलता येत नाही.

२.००. सुलभाने पिशवीतून तेलाची बाटली काढली आणि तिथेच पायरीवर बसून माझा गुडघा चोळला. ऊन तिच्या पाठीवर. टोपी काढून माझ्या डोक्यावर घातली, माझी मी गाडीत विसरलो होतो. मग म्हणाली, वर जायचं राहू दे, शिखर कुठे पळून जातंय, यांना घरी नेऊन झोपवलं पाहिजे. माथा डोळ्यासमोर होता. तिकडे एकदा बघितलं आणि उतरायला लागली. दुखणारा गुडघा बरा करण्याचा मी बराच प्रयत्न केला, पण आता कोणी ऐकेना. दोघींनी दोन बाजूंनी धरून मला खाली आणलं.

४.३०. पोचलो. गेटवर दगडांनी भरलेला ट्रक बाहेर निघत होता, म्हणून आमची गाडी बाजूला घ्यावी लागली. सुलभा बोलता बोलता थांबली. मग उतरून बिल्डिंगच्या मागे गेली, पद्मावती तिच्या मागोमाग. मी गाडीतच बसून राहिलो. गुडघा.

बऱ्याच वेळाने दोघी आल्या. पद्मावतीने डोळे पुसले होते. सुलभाने नाही. पद्मावतीला म्हणाली, चहा घेऊन जा. ती थांबली नाही.

संध्याकाळी ७.००. सुलभाने एकच विचारलं. तुम्हाला ठाऊक होतं?

हीच योग्य वेळ होती. याहून योग्य वेळ आयुष्यात येणार नाही, हे मला त्या क्षणी कळतही होतं.

मी नाही म्हटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

नाही हे तसं पूर्ण खोटं नाही. किती वाजता फोडणार हे मला खरंच ठाऊक नव्हतं.

२ मार्च, रविवार

सुलभाने आणि खालच्या बायकांनी मीटिंग बोलवायला लावली. ती उभी राहिली. आवाज चढवला नाही. तेलुगूत, हिंदीत, मध्येच मराठीत बोलली. म्हणाली, तो दगड तुमच्या बिल्डिंगच्या, तुमच्या आजोबांच्या, त्यांच्या आजोबांच्या आधीपासून तिथे होता, आणि तुम्ही तो एका दिवसात ट्रकमध्ये भरलात, तेही आम्ही घरी नाही बघून. मग माझ्याकडे हात करून म्हणाली, “आमच्या यांना ठाऊक असतं तर यांनी होऊ दिलं नसतं. हे त्या दिवशी मला दगडच दाखवायला घेऊन गेले होते.”

अप्पारावांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे. अप्पारावांना एका वाक्यात माझं वाटोळं करता आलं असतं, सह्यांचा कागद त्यांच्याच फायलीत होता. ते नुसतं “हौ अम्मा” म्हणाले आणि खाली बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माणूस वाईट नाही. वाईट असता तर बरं झालं असतं.

बायकांनी टाळ्या वाजवल्या. काही माझ्यासाठीही होत्या.

९ मार्च, रविवार

पार्किंगचं काँक्रीट झालं. शेड लागली. पहिल्या नंबरची जागा मला. खांब दीड फूट सरकवलेला. दार पूर्ण उघडतं.

सुलभा म्हणाली, तुम्ही कशाला घेता ती जागा? मी म्हटलं, आता झालंच आहे तर. ती बरं म्हणाली. पण गाडी काढायची असली की ती गेटवर जाऊन उभी राहते. तिकडे मागे येत नाही. मीच गाडी गेटपर्यंत आणतो. चालणं तिच्या तब्येतीला चांगलंच.

१३ मार्च, गुरुवार

झोप नीट नाही. डॉक्टर म्हणाले, काही नाही झालेलं, कसली काळजी आहे का. मी म्हटलं, नाही. हल्ली हा शब्द फार पटकन येतो.

संकल्प: रविवारी सगळं सांगायचं. सही, पेसरट्टू, खांब, गुडघा, सगळं. ओरडली तर ओरडू दे. अश्विनीकडे निघून गेली तर जाऊ दे, मी आणायला जाईन.

१६ मार्च, रविवार

वाक्यं पाठ केली होती. पहिलं वाक्य: सुलभा, माझं चुकलं आहे. सोपं, सरळ.

संध्याकाळी ती चहा घेऊन बाल्कनीत आली. आता तिथेच बसते. मी खुर्ची ओढली आणि म्हटलं, सुलभा. ती म्हणाली, थांबा, आधी मला बोलू द्या, बरेच दिवस मनात आहे. कपातला चहा तसाच हातात धरून बसली होती.

म्हणाली, फुटायचा तो फुटलाच असता, मी एकटी कुठवर पुरणार. पण मी इथे असते आणि ते मशीन त्याच्यावर चालताना बघितलं असतं, तर मी वाचले नसते. तुम्हाला त्याच दिवशी मला बाहेर न्यायची बुद्धी झाली, ही देवाचीच कृपा. तेवढं तुम्ही माझ्यासाठी केलंत.

आणि माझ्या हातावर हात ठेवला.

मी हो म्हटलं.

उद्यापासून रोजनिशी बंद.